नॉर्वेच्या घरांतलं विरजण

पश्चिम नॉर्वेतल्या व्होस, हार्दांगर या भागांतल्या जुन्या शेतघरांत एक लाकडी कडं टांगलेलं असायचं. लाकडाचे बोटभर तुकडे एकमेकांत अडकवून गुंफलेलं, फटीच फटी असलेलं. त्याचं चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते लहान मुलाचं खेळणं वाटलं. पण त्या घराने सगळ्यात जपलेली ठेव त्या फटींत असायची. घरची बिअर फसफसायला लागली की कडं पिंपात बुडवायचं, फटीफटींत यीस्ट भरू द्यायचं, मग बाहेर काढून वाळवायचं आणि टांगून ठेवायचं. पुढची खेप सहा महिन्यांनी असो की वर्षाने, तेच कडं नव्या रसात सोडायचं. या यीस्टला तिथे ‘क्वाइक’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ चेतवणं, पेटवणं.

आपल्या विरजणाचंच हे भावंड. लहानपणी घरचं विरजण संपलं की मला वाटी देऊन शेजारच्या काकूंकडे पिटाळायचे, आणि काकूंचं बिघडलं की त्यांची वाटी आमच्या ओट्यावर यायची. तिकडेही अगदी हेच चालायचं. एखाद्या घरचं क्वाइक आंबट पडलं, तर तो माणूस शेजारच्या शेतावर जाऊन मागून आणायचा. दोन घरांत देवघेव असेल तर कोणाचंच कायमचं मरत नाही. आणि डोंगरापलीकडच्या खोऱ्याशी ये-जा कमी, म्हणून तिथलं क्वाइक वेगळं, वासाला वेगळं, वापरायची रीतही वेगळी. कुठे वर आलेला फेस राखून ठेवत, कुठे तळाशी बसलेला साका.

हे यीस्ट नेहमीच्या यीस्टसारखं का वागत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. बिअरचं साधं यीस्ट साधारण २० अंश तापमानाला काम करतं. त्याहून फार गरम झालं तर चव बिघडते. क्वाइक मात्र ३५ ते ४० अंशांतही मजेत राहतं आणि दोन-तीन दिवसांत काम उरकतं. शेतकऱ्याकडे थर्मामीटर नव्हता. मोड आणून वाळवलेल्या जवाचा रस काढला, तो धारोष्ण दुधाइतका निवला, की तो यीस्ट घालून मोकळा व्हायचा. त्या उष्णतेत जे पेशी-जीव तगले तेच पुढच्या खेपेला गेले. मग वाळवण्यात जे तगले ते त्याच्या पुढच्या खेपेला. अशा शेकडो खेपा झाल्या. कोणी ठरवून काही केलं नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या निवड होत राहिली. २०१८ साली संशोधकांनी या यीस्टांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा दिसलं की क्वाइक हे बिअरच्या माहीत असलेल्या यीस्टांमधलं वेगळंच कुळ आहे.

आणि बिअर ही चैन नव्हती. पश्चिम नॉर्वेच्या मध्ययुगातल्या गुलाटिंग कायद्यात नाताळासाठी बिअर करणं शेतकऱ्याला बंधनकारक होतं. नाही केली तर बिशपकडे दंड भरायचा. लागोपाठ तीन वर्षं चुकवली तर मालमत्ताच जायची. सण साजरा करणं ही गावाची सामाईक जबाबदारी होती, आणि तिला कायद्याचा धाक होता.

नॉर्वेच्या पारंपरिक खाण्याबद्दल वाचायला घेतलं की पदार्थांच्या याद्या भरपूर सापडतात. त्या पदार्थांमागचं कोडं मात्र त्यात उलगडत नाही. मासा लाकडासारखा वाळवून मग राखेच्या पाण्यात का भिजवायचा? चीझ तपकिरी आणि गोड का? भाकरी कागदासारखी पातळ का? माझं मत असं झालंय की हे पदार्थ चवीसाठी जन्मलेच नाहीत. ते जन्मले टिकण्यासाठी. चव मागाहून आली, आणि मग अशी जडली की टिकवायची गरज संपल्यावरही सुटेना.

गरज किती होती बघा. नॉर्वेत पिकाखाली येण्याजोगी जमीन सगळ्या देशाच्या अवघी ३ टक्के आहे. बाकी डोंगर, खडक, जंगल, पाणी. उत्तरेकडे तर हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही. गाईगुरांना अर्धं वर्ष गोठ्यात बांधून खायला घालायचं. म्हणजे तीन-चार महिन्यांत जे हाती येईल त्यावर वर्ष काढायचं. शेतघराच्या आवारात सगळ्यात देखणी इमारत बरेचदा राहत्या घराची नसून कोठाराची असायची. त्याला स्ताब्बूर म्हणतात. उंदीर चढू नयेत म्हणून तो जमिनीपासून उचललेल्या खांबांवर उभा असतो. दाराला भलंमोठं कुलूप, आणि किल्ली घरच्या बाईच्या कमरेला.

त्या कोठारात मुख्य माल म्हणजे फ्लातब्रो, ती कागदासारखी भाकरी. तिची कहाणी पाण्यापासून सुरू होते. डोंगराळ भागातल्या छोट्या पाणचक्क्या ओढ्यावर चालत. ओढ्याला जोर फक्त दोनदा येई: वसंतात बर्फ वितळताना आणि शरदातल्या पावसात. दळण तेव्हाच उरकायचं. पण पीठ वर्षभर चांगलं राहत नाही, जाळी धरतं, खवट होतं. म्हणून पीठ लगेच लाटून, भाजून, कडकडीत कोरडं करून ठेवायचं. जवात आणि ओटमध्ये गव्हासारखी लवचीकता नसते, त्यामुळे पाव फुगत नाही. पातळ भाकरीच जमते. ज्वारीची भाकरी का थापावी लागते, पुरीसारखी का लाटता येत नाही, त्याचंही कारण हेच. भाजायचे दिवस आले की गावोगाव फिरून हेच काम करणाऱ्या बायका घरी येत, कित्येक दिवस मुक्काम करत, आणि माणसाच्या कमरेएवढ्या चळती लावून पुढच्या शेतावर जात. कोरड्या जागी ठेवलेली ही भाकरी वर्षभर सहज टिके.

बटाटा आला तो अठराव्या शतकाच्या मध्यावर. त्याचा प्रचार पाद्र्यांनी इतका केला की त्यांना ‘बटाट्याचे पाद्री’ असं नावच पडलं. १८०७ ते १८१४ या युद्धकाळात ब्रिटिश नौदलाने समुद्र अडवला, धान्य येईना, लोकांनी झाडाची आतली साल दळून पिठात मिसळली. त्या उपासमारीनंतर बटाट्यावरचा अविश्वास संपला. मग भाकरीच्या पिठात बटाटा आला आणि मऊ लेफ्से घरोघर झाली.

लेफ्से करताना पाहण्यासारखी असते. उकडलेला बटाटा गरम असतानाच जाळीतून दाबून काढायचा, लोणी आणि साय घालून पूर्ण गार होऊ द्यायचा. पीठ अगदी शेवटी, लाटायच्या वेळी. आधी घातलं तर बटाट्याचं पाणी पीठ ओढून घेतं, गोळा चिकट होतो आणि मग पीठ घालत बसावं लागतं; लेफ्से चिवट होते. लाटणं गुळगुळीत नसतं, त्यावर बारीक खाचा असतात. त्यामुळे गोळा चिकटत नाही आणि लेफ्सेवर रेघांची नक्षी उमटते. ताट-दोन ताटं एवढी मोठी ती लेफ्से, आरपार दिसेल इतकी पातळ. उचलायची कशी? एक लांब, चपटी, पट्टीसारखी काठी मधोमध खालून सरकवायची, लेफ्से तिच्यावर ओढणीसारखी दोन्हीकडे लोंबते, मग मोठ्या सपाट तव्यावर एका कडेपासून हलकेच गुंडाळी सोडवत पसरायची. पुरणपोळी लाटणाऱ्या हाताला हे सांगावं लागणार नाही. तपकिरी टिकल्या उठल्या की उलटायची, काढून कापडाखाली एकावर एक रचायची. लोणी-साखर लावून गुंडाळून खातात. हिचीच छोटी बहीण लोंपे, जी आज रस्त्यावरच्या टपरीवर सॉसेजभोवती गुंडाळून मिळते.

माशाची गोष्ट याहून जुनी. दर हिवाळ्यात बॅरेंट्स समुद्रातून कॉडचे थवे अंडी घालायला लोफोटेन बेटांपाशी येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये मासा पकडून, डोकं कापून, दोन-दोन शेपट्यांना बांधून लाकडी मांडवांवर टांगतात. मीठ लावत नाहीत. वर्सोवा-उत्तनला बोंबील टांगतात तसाच देखावा, फक्त तिथे उन्हाऐवजी थंडी आणि वारा काम करतात. समुद्रातला उबदार प्रवाह लोफोटेनची थंडी शून्याच्या आसपास धरून ठेवतो. याहून कडक गोठलं तर माशाचे धागे फाटतात; याहून गरम झालं तर माश्या बसतात. कॉडमध्ये चरबी नगण्य असते, म्हणून तो खवट होत नाही. चरबीदार हेरिंग असं टांगून चालत नाही, त्याला मीठच लागतं. मे-जूनपर्यंत पाच किलो ताज्या माशाचा एक किलो ‘तोर्रफिस्क’ उरतो, काठीसारखा टणक, वर्षानुवर्षं टिकणारा. त्याची प्रत ठरवणारे पारखी लोक आजही वीसच्या आसपास वर्गांत तो हाताने, डोळ्याने आणि नाकाने निवडतात.

हा मासा वायकिंगांच्या काळापासून परदेशी जातोय. आजच्या जर्मनीतल्या हेदेबी या जुन्या बंदरात सापडलेल्या कॉडच्या हाडांचा डीएनए २०१७ साली तपासला, तेव्हा ती हाडं उत्तर ध्रुवाकडच्या कॉडची निघाली. पुढे जर्मन हान्सा व्यापाऱ्यांनी चौदाव्या शतकात नॉर्वेच्या बेर्गन बंदरात ठाण मांडलं. उत्तरेचा मासा येई, बदल्यात धान्य जाई. १४३२ च्या जानेवारीत व्हेनिसचा व्यापारी पिएत्रो क्वेरिनी जहाज फुटून रोस्त बेटाशी लागला. तिथल्या कोळ्यांनी त्याला आणि त्याच्या साथीदारांना कित्येक आठवडे घरात ठेवून जगवलं. तो वाळवलेला मासा घेऊन परतला, आणि आज लोफोटेनच्या उत्तम तोर्रफिस्कचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक इटलीच आहे. वाळवलेली डोकी जातात नायजेरियाला, तिथल्या रश्श्यात.

घरी मात्र प्रश्न राहतो: हे लाकूड खायचं कसं? नुसतं पाण्यात भिजवलं तरी आठवडा लागतो. लूतेफिस्क हे त्याचं उत्तर. आधी बरेच दिवस साध्या पाण्यात, मग बर्चच्या लाकडाच्या राखेच्या पाण्यात, आता कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात. हा तीव्र क्षार माशातल्या प्रथिनांची घट्ट वीण सैल करतो, त्यामुळे ती मूळच्यापेक्षाही जास्त पाणी धरते आणि मासा फुगून जवळपास पारदर्शक, थलथलीत होतो. या टप्प्यावर तो खाणं धोक्याचं. म्हणून पुन्हा कित्येक दिवस रोज बदलत्या पाण्यात ठेवून क्षार काढून टाकायचा. शिजवताना पाणी घालत नाहीत. मीठ शिंपडलं की तो स्वतःच पाणी सोडतो. चांदीचे काटे-चमचे वापरायचे नाहीत, काळे पडतात. सोबत वाटाण्याचं घट्ट वरण, बटाटे, डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे. स्वतः माशाला फारशी चव नाही, सगळी गंमत सोबतच्या गोष्टींत. जुन्या लोकांना ते पोताने आणि वासाने आठवतं, आणि डिसेंबरमध्ये ते हवंच असतं.

उन्हाळ्यात मुक्काम डोंगरावर. गाई-बकऱ्या वरच्या कुरणांत न्यायच्या, तिथल्या लाकडी झोपड्यांत राहून दूध काढायचं, लोणी-चीझ करायचं. या उन्हाळी शेताला सेतर म्हणतात, आणि ते सांभाळायच्या मुख्यतः मुली आणि बायका. चीझ केल्यावर जी निवळी उरते ती तिथे फेकत नसत. त्यात दुधाची सगळी साखर उतरलेली असते. ती तासन्‌तास आटवायची, ढवळत राहायचं. साखर आणि प्रथिनं एकत्र भाजली जाऊन रंग तपकिरी होतो. खव्याचा शेवटचा अर्धा तास ज्याने ढवळला आहे त्याला तो वास ओळखू येईल. १८६३ च्या सुमारास गुद्ब्रान्सदालच्या खोऱ्यात आन्ने होव नावाच्या सतरा वर्षांच्या मुलीने या आटणाऱ्या निवळीत साय घातली. त्यातून वडी पडेल असं, कापता येईल असं दाट गोड चीझ झालं. आजचं ब्रूनोस्त, म्हणजे ‘तपकिरी चीझ’, ते हेच. १८८० च्या दशकात धान्याचे भाव पडले तेव्हा या चीझच्या विक्रीने त्या खोऱ्यातली शेतं तगली. १९३३ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी, आन्ने होव यांना राजाचं पदक मिळालं. हे चीझ पातळ कापायची पट्टीसुद्धा नॉर्वेचीच. लिलेहामरच्या थोर ब्योर्कलुंड या सुताराने रंध्यावरून सुचलेली ती १९२५ मध्ये पेटंट केली. सेतरच्या या पद्धतीला २०२४ च्या डिसेंबरमध्ये, स्वीडनबरोबर संयुक्तपणे, युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं. मला त्यात आनंद याचा वाटतो की मान त्या झोपड्यांतल्या मुलींच्या कामाला मिळाला.

आता हे सगळं एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे गेलं कसं? बायकांच्या वह्या होत्याच, पण त्यात ‘हाताला लागेल इतकं पीठ’ अशीच मापं. खरं वहन शेताच्या रचनेतून झालं. नॉर्वेत कुटुंब म्हणजे जमीन. ‘ओदेल’ या जुन्या हक्काने शेत घराण्यातच राहतं. १८१४ च्या राज्यघटनेने त्याला संरक्षण दिलं. आधी हा हक्क थोरल्या मुलाचा होता, १९७४ च्या कायद्याने मुलींनाही समान झाला. मुलाने शेत हाती घेतलं की म्हातारे आई-वडील आवारातल्याच छोट्या घरात जात, आणि लेखी करार होई: वर्षाला इतकं जव, इतकं दूध, इतकं मांस, एवढं सरपण मुलाने द्यायचं. असे करार जुन्या कागदपत्रांत आजही वाचायला मिळतात. म्हातारपणाचं सगळं ताट कागदावर मोजून लिहिलेलं, हे वाचताना मन गलबलतं. पण याचा एक चांगला परिणामही झाला. आजी आवारातच राहिली. सुनेला आणि नातींना तवा, काठी आणि लाटणं कसं धरायचं ते रोज दिसत राहिलं.

आडनावं समजून घेतली की हे आणखी स्पष्ट होतं. जुन्या काळी माणसाचं नाव म्हणजे स्वतःचं नाव, वडिलांच्या नावाला ‘-सेन’ किंवा मुलगी असेल तर ‘-दत्तेर’, आणि त्यापुढे शेताचं नाव. आपल्या ‘-कर’ आडनावांची आठवण येते, पण एक फरक आहे. तिकडे माणूस दुसऱ्या शेतावर राहायला गेला की शेताचं नावही बदलायचं; तो पत्ता होता. कायमचं आडनाव सगळ्यांना सक्तीचं झालं ते १९२३ च्या कायद्याने. म्हणूनच नॉर्वेजियन पूर्वज शोधणाऱ्यांचा गोंधळ होतो: सख्ख्या भावांची आडनावं वेगळी असू शकतात. त्यांच्यासाठी चर्चच्या नोंदवह्या आणि १८०१, १८६५, १८७५, १९०० या सालच्या जनगणना सरकारी अभिलेखागाराने इंटरनेटवर मोफत ठेवल्या आहेत. शेत सापडलं की खोरं सापडतं, आणि खोरं सापडलं की आजीची लेफ्से जाड का होती हेही कळतं.

शोधणारे पुष्कळ आहेत, कारण गेलेले पुष्कळ होते. ४ जुलै १८२५ रोजी ‘रेस्टोरेशन’ नावाचं छोटं जहाज ५२ माणसं घेऊन स्तावांगरहून निघालं आणि ९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला लागलं, तेव्हा माणसं ५३ होती. वाटेत एक मूल जन्मलं. पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांच्या आसपास लोक गेले. शिडाच्या जहाजात जेवण मिळत नसे, शिधा आपापला न्यायचा. म्हणून रंगवलेल्या लाकडी पेट्यांत कपड्यांखाली फ्लातब्रो, सुकं मांस, चीझ. तव्याला आणि लाटण्यालाही जागा ठेवलेली असे.

आज अमेरिकेत चाळीस लाखांच्या आसपास लोक स्वतःला नॉर्वेजियन वंशाचे म्हणवतात. खुद्द नॉर्वेची लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या आसपास. मिनेसोटात चर्चच्या तळघरांत शरद ऋतू आला की लूतेफिस्कच्या पंगती बसतात. नॉर्वेतली तरुण घरं शुक्रवारी संध्याकाळी मेक्सिकन टाको करतात, ती तिथली खरी आवडीची रीत झाली आहे. यात मला काही वावगं दिसत नाही. गेलेल्यांनी जे नेलं ते निघाल्या वर्षीचं राहिलं, आणि राहिलेल्यांचं स्वयंपाकघर पुढे सरकत गेलं. परदेशातल्या मराठी घरांत आजीच्या काळचे शब्द टिकतात आणि इथे ते मागे पडतात, तसंच.

नाताळात मात्र नॉर्वेतली घरंही जुन्याकडे वळतात, आणि प्रत्येक घर आपापल्या प्रांताकडे. पूर्वेला भाजलेली डुकराची बरगडी. पश्चिमेला पिन्नेख्योट: खारवून वाळवलेल्या मेंढीच्या बरगड्या, भांड्याच्या तळाशी बर्चच्या काड्यांची जाळी रचून तिच्यावर वाफवलेल्या. लग्नानंतर पहिल्या नाताळाला कोणाच्या घरचं शिजणार यावर खरीखुरी चर्चा होते. शिवाय सात प्रकारच्या बिस्किटांचा रिवाज. त्यातल्या क्रुमकाकेसाठी दोन नक्षीदार पाट्यांचा लोखंडी साचा लागतो. पातळ पीठ ओतायचं, मिटायचं, उघडायचं, आणि कडक व्हायच्या आत काही सेकंदांत लाकडी शंकूवर गुंडाळायचं. बोटं भाजतातच. हे साचे आईकडून मुलीकडे जातात. वापरून वापरून नक्षीच्या खोबणी गुळगुळीत होतात, तरी बदलत नाहीत, कारण जुन्या लोखंडाला तुपाचा हात लागलेला असतो आणि बिस्किट चिकटत नाही.

क्वाइकचं काय झालं? दुकानात पावाचं यीस्ट मिळू लागलं तसं विसाव्या शतकात ते बहुतेक घरांतून गेलं. थोड्या शेतांवर उरलं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत अभ्यासकांनी ती शेतं शोधून काढली, नमुने इंग्लंडमधल्या यीस्ट-संग्रहात गोठवून ठेवले, आणि आता जगभरचे बिअर करणारे ते मागवतात.

ब्रूनोस्त तर आपल्या दारापर्यंत आलंय. मुंबईत चीझ करणाऱ्या एका छोट्या कारखान्याने ते बनवायला घेतलं आणि २०२१ च्या जागतिक चीझ स्पर्धेत त्यांना रौप्यपदक मिळालं. निवळी इथल्या दुधाची, आणि आटवायची रीत डोंगरावरच्या त्या झोपडीतली.